अभियंता मंत्र्याची कारकीर्द कशी अभ्यासावी : डॉ. के. एल. राव यांच्या निमित्ताने

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पंचवीस वर्षांत देशात धरणे बांधणारे अभियंते पुष्कळ झाले; परंतु शासकीय सेवेतून बाहेर पडून, मते मागून लोकसभेत गेलेले आणि पुढे त्याच विषयाचे खाते मंत्री म्हणून सांभाळलेले अभियंते विरळाच. डॉ. कानुरी लक्ष्मण राव हे त्यांतले ठळक नाव आहे. कृष्णेच्या पाण्यावर जगणाऱ्या महाराष्ट्रातील वाचकालाही त्यांची कारकीर्द माहीत असायला हवी. ती अभ्यासून तिच्यावर लेख लिहू इच्छिणाऱ्यांसाठी पुढील पद्धत सुचवीत आहे.

प्रथम एका कोऱ्या कागदावर दोन स्तंभ आखावेत. डाव्या स्तंभात व्यक्तीचे पद लिहावे आणि उजव्या स्तंभात त्याच वर्षी प्रकल्पांचे काय चालले होते ते लिहावे. राव यांचा जन्म 1902 मध्ये कृष्णा जिल्ह्यातला. गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले शिक्षण, बर्मिंगहॅम विद्यापीठाची डॉक्टरेट आणि मद्रास सरकारची नोकरी हा पूर्वार्ध दोन-तीन ओळींत आटोपला तरी चालेल. 1950 पासून मात्र एकेक नोंद जपून करावी. त्या वर्षी ते दिल्लीला केंद्रीय जल व विद्युत आयोगात संकल्पचित्रांचे संचालक म्हणून गेले आणि 1954 मध्ये मुख्य अभियंता झाले. 1962 मध्ये ते विजयवाड्यातून काँग्रेसचे खासदार म्हणून निवडून आले, तर जुलै 1963 मध्ये सिंचन व वीज खात्याचे मंत्री झाले. आता उजवा स्तंभ पाहावा. कृष्णेवरील नागार्जुनसागर धरणाची पायाभरणी नेहरूंच्या हस्ते 10 डिसेंबर 1955 रोजी झाली आणि कालव्यांत पाणी इंदिरा गांधींनी 4 ऑगस्ट 1967 रोजी सोडले. पायाभरणीच्या दिवशी राव अधिकारी होते आणि पाणी सुटले तेव्हा मंत्री होते. ‘राव यांनी धरण बांधले’ असे सरसकट लिहिणाऱ्याच्या हातून नेमका हाच फरक निसटतो.

या तक्त्याचा खरा उपयोग श्रेय आणि दोष ठरवताना होतो. मार्च 1963 मध्ये केंद्राने कृष्णेच्या पाण्याचे तात्पुरते वाटप जाहीर केले, त्यात महाराष्ट्राला 400, म्हैसूरला (आजच्या कर्नाटकाला) 600 आणि आंध्रला 800 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी दाखवले होते. महाराष्ट्राच्या दृष्टीने हे वाटप अपुरे होते आणि त्याबद्दलची नाराजी समजण्यासारखी आहे. पण संसदेत ती घोषणा करणारे मंत्री हाफिज महंमद इब्राहीम होते आणि राव मंत्री झाले ते त्यानंतर चार महिन्यांनी. त्यामुळे त्या घोषणेची जबाबदारी त्यांच्या माथी मारता येत नाही. उलट एप्रिल 1969 मध्ये न्या. बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली कृष्णा पाणीतंटा लवाद नेमला गेला तेव्हा खाते राव यांच्याकडे होते, हे नोंदवावेच लागते. त्याच लवादाने पुढे महाराष्ट्राचा वाटा 560 टीएमसी ठरवला. मंत्र्याचा मतदारसंघ त्याच नदीच्या खालच्या अंगाला, विजयवाड्याला होता, ही बाब लपवू नये. पण तेवढ्यावरून पक्षपात सिद्ध झाला असेही धरू नये. दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी मांडाव्यात आणि निर्णय कागदपत्रांवर सोडावा.

तिसरे काम कष्टाचे आहे, पण मला तेच सर्वांत मोलाचे वाटते: व्यक्तीने मांडलेले आकडे आपल्या हाताने पुन्हा करून पाहावेत. 1972 मध्ये राव यांनी गंगा आणि कावेरी जोडणाऱ्या सुमारे 2,640 किलोमीटर लांबीच्या कालव्याची कल्पना मांडली. तीत पाटण्याजवळ गंगेतून वर्षातले सुमारे 150 दिवस 60,000 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट, पाणी उचलायचे होते. त्यातले 10,000 क्युसेक गंगेच्याच खोऱ्यात वापरायचे आणि उरलेले 50,000 क्युसेक सुमारे 549 मीटर उपसून दक्षिणेकडे न्यायचे, असा बेत होता. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, आणि एक क्युसेक प्रवाह दिवसभर वाहिला तर 86,400 घनफूट पाणी होते. म्हणून 11,574 क्युसेक एक दिवस वाहिले की एक टीएमसी भरते. या हिशोबाने 50,000 क्युसेक 150 दिवसांत सुमारे 648 टीएमसी होतात, म्हणजे कृष्णेतील महाराष्ट्राच्या सबंध वाट्याहून अधिक पाणी डोंगर चढवायचे होते. आता विजेचे गणित करावे. 50,000 क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 1,416 घनमीटर, त्याला 9.81 ने आणि 549 ने गुणले की, पंपांचा कोणताही तोटा न धरता, सुमारे 76 लाख किलोवॉट, म्हणजे 7,600 मेगावॉट लागतात. 1974 च्या मार्चअखेरीस सबंध देशाची स्थापित क्षमता 17,000 मेगावॉटपेक्षाही कमी होती. ही दोन उत्तरे कागदावर आली की योजना बाजूला का पडली, हे कोणाला विचारावे लागत नाही.

मात्र हे गणित मांडताना सूर उपहासाचा नसावा. डेल्टात वाढलेल्या, पूर आणि दुष्काळ एकाच देशात एकाच वर्षी पाहणाऱ्या माणसाने पाण्याचे राष्ट्रीय चित्र काढू पाहिले, यात मोठेपणा आहे, आणि तो लेखात मनापासून यावा. मोठेपणा आणि चुकीचा अंदाज एकाच परिच्छेदात नांदू शकतात.

तुलना करताना घाई टाळावी. विश्वेश्वरय्यांचे खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहेत, परंतु ते पुढे म्हैसूर संस्थानाचे दिवाण झाले. राजाने नेमलेला दिवाण आणि 1962, 1967 व 1971 मध्ये मतदारांपुढे उभा राहिलेला खासदार यांची उत्तरदायित्वे वेगळी असतात.

शेवटी लोकसभेच्या कामकाजाचे वृत्तान्त वाचावेत. संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात ते मिळतात. छापील भाषणापेक्षा पुरवणी प्रश्नांची उत्तरे आधी वाचावीत, कारण तिथे सचिवांनी लिहून दिलेला मजकूर संपतो आणि मंत्र्याला स्वतःचे ज्ञान वापरावे लागते. सुरुवात डिसेंबर 1967 पासून करावी. 11 तारखेच्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, धरणाच्या भिंतीच्या उंच भागांत आडव्या भेगा गेल्या आणि पुढे तिला मागून टेकू देऊन बळकटी आणावी लागली. त्या दिवसांत सिंचन खाते अशा माणसाच्या हाती होते ज्याने आयुष्यभर धरणांच्या भिंतींवरचे ताण मोजले होते. कोयनेविषयीच्या प्रश्नांना त्याने दिलेल्या उत्तरांतला प्रत्येक आकडा वहीत उतरवून घ्यावा आणि समोर लिहावे : हे अभियंता बोलतो आहे, की मंत्री?