नीटचे गुण आले, पण व्हॅलिडिटी आहे का?

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांत आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे. तिथे कोकणातल्या मुलांसाठी वेगळ्या जागा मात्र नाहीत. ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना देणारा ७०:३० चा प्रादेशिक कोटा २०२० मध्येच रद्द झाला. कातकरी वाडीतल्या किंवा कुणबी, भंडारी घरातल्या मुलाच्या हाताशी उरतो तो सामाजिक आरक्षणाचा हक्क, आणि गुण असूनही तो कागदापायी हुकतो. म्हणून कामाला लागायचं ते अकरावीच्या प्रवेशाबरोबर. नीटच्या निकालानंतर धावपळ करून काही हाती लागत नाही.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजेच व्हॅलिडिटी. प्रांतांनी दिलेल्या जातीच्या दाखल्यावर भागत नाही. ऑनलाइन अर्ज, ज्युनिअर कॉलेजचं पत्र (नमुना १५-अ), वंशावळीचं प्रतिज्ञापत्र (नमुना ३) आणि कागद खरे असल्याचं प्रतिज्ञापत्र (नमुना १७) घेऊन जिल्हा जात पडताळणी समितीकडे जायचं. अनुसूचित जमातींचे नमुने वेगळे आणि समितीही वेगळी, ठाण्याची.

खरी दमछाक होते ती जुन्या पुराव्यासाठी. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखेआधीची, वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाची जातीची नोंद शोधायची. वडील, सख्खे काका किंवा भावाकडे आधीच व्हॅलिडिटी असेल तर निम्मं काम झालं. ती वंशावळीसह जोडा. नसेल तर आजोबांची शाळा गाठा. आजोबा गिरणीत होते म्हणून थेट मुंबईत शोधत बसू नका. चाकरमानी झालेली ही माणसं बहुधा पहिली-दुसरी गावच्याच मराठी शाळेत शिकलेली असतात.

शाळेत नुसता शाळा सोडल्याचा दाखला मागू नका, जनरल रजिस्टरचा साक्षांकित उतारा मागा. समिती मूळ रजिस्टरच ताडून पाहते. जुन्या पानावर नोंद बरेचदा अशी असते: ‘सोमा गोविंद, कुणबी, धंदा शेती’. आडनावाचा पत्ता नाही. मग जमिनीचा वारस फेरफार (सातबाऱ्यावर वारसांची नावं लागल्याची नोंद) काढा. त्यात तोच सोमा गोविंद आडनावासकट सापडला की दुवा जुळतो. ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ एवढ्या प्रतिज्ञापत्रावर विसंबणं कच्चं काम. रजिस्टर वाळवीने खाल्लं असेल तर मुख्याध्यापकांकडून तसं लेखी घ्या आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ चं जन्म-मृत्यू रजिस्टर मागा. नोंद मोडीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं.

कातकरी कुटुंबांची अडचण याहून मोठी. आजोबा शाळेत गेलेच नाहीत, जमीन नाही, वर्षातले कित्येक महिने वीटभट्टीवर. त्यांच्याकडेच १९५० चा कागद मागणं अन्यायाचंच, पण नियम तोच आहे. इथेही गाव नमुना १४ आणि भावकीतली व्हॅलिडिटी हेच आधार. समितीचं दक्षता पथक जमातीच्या चालीरीती, देवदेवता विचारतं. ही आप्तभाव चाचणी एकमेव कसोटी मानता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये म्हटलंय. नकार फक्त त्यावरच आला असेल तर वकिलाला हा निकाल दाखवा.

ओबीसींना नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्रही (घर उन्नत गटात मोडत नसल्याचं) लागतं. प्रवेशाच्या वर्षापुढच्या ३१ मार्चपर्यंत ते वैध हवं. १ एप्रिल उलटला की तारीख पाहा आणि गरज असेल तर लगेच अर्ज करा. वार्षिक उत्पन्नाची आठ लाखांची मर्यादा बघताना पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. म्हणजे आंब्याची बाग शेतीत जाते, कॅनिंगचा कारखाना धंद्यात. ईडब्ल्यूएसला (आर्थिक दुर्बल घटकाला) मात्र सगळंच उत्पन्न धरतात. सरकारी कॉलेजांतल्या अखिल भारतीय कोट्याच्या १५ टक्के जागांसाठी केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं प्रमाणपत्र लागतं, आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. राज्याचं एसईबीसी (मराठा) आरक्षण तिथे चालत नाही.

गोव्याच्या सीमेलगतच्या दोडामार्ग-बांद्याकडच्या पालकांनी एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. गोव्यातलं कॉलेज जवळ पडतं म्हणून मुलाला अकरावी-बारावीला तिकडे घातलं, तर काही अपवाद सोडता महाराष्ट्राच्या ८५ टक्के जागांवरचा हक्क जातो. दहावी आणि बारावी दोन्ही राज्यातल्या संस्थेतून हवीत, शिवाय अधिवास. आणि गोव्याच्या कोट्याला तिथल्या रहिवासाची अट आहेच.

अपंगत्व ४० टक्क्यांच्या वर आहे एवढ्यावरून प्रवेश नाकारता येत नाही; ऑक्टोबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार मूल अभ्यासक्रम पुरा करू शकेल का, हे अपंगत्व तपासणाऱ्या वैद्यकीय मंडळाने तपासायचं असतं.

गुण कितीही चांगले असोत, अर्जात प्रवर्ग भराच. खुल्या यादीत नंबर लागला तर ती जागा खुल्यातच मोजतात, राखीवमधली खर्ची पडत नाही. कॉलेजांचा क्रम मनापासूनच्या आवडीने लावा. न मिळण्यासारखं कॉलेज वर टाकल्याने खालचं हातचं जात नाही.

फीचं थोडक्यात: आठ लाखांच्या आतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी घरांतल्या मुलींना केंद्रीभूत प्रवेश फेरीतून जागा मिळाली तर २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. त्यासाठी महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करा, आणि बँक खात्याला आधार जोडलेलं आहे ना हे त्याआधी तपासा.