भूप राग शिकवताना मुलांना सूर 'दाखवायचे' असतील तर

आरोह-अवरोह तोंडपाठ असतो, पण मधेच 'ग'वरून 'प'वर उडी कुठे पडते हे लहान मुलांना कळत नाही. गुगलच्या क्रोम म्युझिक लॅब या वेबसाइटवरचं 'साँग मेकर' उघडा, त्यात चौकोनांवर क्लिक करून सूर मांडता येतात. फुकट आहे, लॉगिनही लागत नाही.

१. सेटिंग्जमध्ये स्केल 'पेंटाटॉनिक' करा, सुरुवात सी (C) या सुरापासून, तोच आपला सा. उरतात ते सा रे ग प ध, म्हणजे थेट भूपाचेच स्वर. म आणि नि पडद्यावर नाहीतच, त्यामुळे चुकून लागायचा प्रश्न मिटला.

२. लांबी ४ बार, प्रत्येक बारमध्ये ४ बीट्स आणि 'स्प्लिट बीट्स इनटू' १ ठेवा. झाल्या त्रितालाच्या १६ मात्रा.

३. खालच्या दोन ओळी तालवाद्याच्या. १, ५ आणि १३ वर एक आवाज, ९ वर दुसरा. 'खाली' (टाळी न देता हात मोकळा सोडायची मात्रा, इथे नववी) कुठे आली हे मुलं मग स्वतःच बोट ठेवून सांगतात. (हाताने टाळी-खाली दाखवायला लावाच, ते सुटू नये.)

४. टेम्पो ६० च्या आसपास आणा आणि माउस मुलांच्या हातात द्या. प्रत्येक सुराचा रंग वेगळा असल्याने 'ग प ध' चढताना दिसतं. झालेली सरगम सेव्ह करून लिंक पालकांना पाठवा, घरी तीच पुन्हा वाजवता येते.

एक मात्र सांभाळा: इथला गंधार (ग) पियानोचा आहे, तानपुऱ्यात ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा. मींडही (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) यात नाही. त्यामुळे गळा लावताना स्क्रीन बंद, तानपुरा सुरू.