टॅक्सी करताना विमानांची टक्कर कशी टाळावी

सोलापुरातून वैमानिकाच्या प्रशिक्षणासाठी बारामतीला किंवा त्याहून दूर जाणाऱ्या मुलामुलींचे सारे लक्ष उड्डाणाकडे आणि उतरण्याकडे असते. जमिनीवरून विमान चालवणे, म्हणजे टॅक्सी करणे, त्यांना किरकोळ वाटते. उभ्या विमानाला पंखाचे टोक घासणे, पुढच्याच्या शेपटीत प्रोपेलर घुसणे असे अपघात मात्र याच वेळी होतात, आणि बहुधा ते टाळता येण्यासारखे असतात.

खबरदारी इंजिन सुरू करण्याआधीच घ्यावी. विमानाभोवती फेरी मारताना शेजारची विमाने आणि इंधनाची गाडी किती अंतरावर आहे ते पाहावे. सेसना १७२ चे पंख टोकापासून टोकापर्यंत सुमारे ११ मीटर असतात. डावीकडे बसलेल्या वैमानिकाचा अंदाज चुकतो तो बहुधा उजव्या टोकाचा. जागा अरुंद वाटल्यास टोकाजवळ लक्ष ठेवायला माणूस उभा करावा, नाहीतर इंजिन बंद ठेवूनच विमान हाताने ओढून मोकळ्या जागेत आणावे. काचही पुसून घ्यावी, कारण आपल्याकडच्या उन्हाळ्यात तिच्यावर धूळ बसते आणि मावळतीकडे तोंड करून जाताना त्या धुळीवर ऊन पडले की समोरचे विमान दिसेनासे होते.

विमान हलताच ब्रेक तपासावेत. एप्रनवर, म्हणजे विमाने उभी करण्याच्या आवारात, वेग भराभर चालणाऱ्या माणसाइतकाच असावा. वेग कमी करताना आधी थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा, मागे घ्यावा आणि मग ब्रेक लावावा. इंजिनाची शक्ती तशीच ठेवून ब्रेकने विमान रोखत राहिल्यास ब्रेक तापतात आणि नेमक्या गरजेच्या वेळी दगा देतात. चेकलिस्ट वाचणे, फ्रीक्वेन्सी बदलणे, नकाशा पाहणे ही कामे विमान थांबवूनच करावीत, हा माझा सर्वांत कळकळीचा आग्रह आहे: ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारे विमान, वैमानिकाची मान पाच सेकंद खाली असताना, सुमारे २० मीटर पुढे गेलेले असते. शेपटीला चाक असलेल्या विमानात नाकामुळे पुढचे दिसत नाही, म्हणून ते नागमोडी चालवावे.

समोरासमोर आल्यास दोघांनी थांबावे किंवा उजवीकडे वळावे. मार्ग छेदत असल्यास ज्याच्या उजवीकडे दुसरे विमान असेल त्याने वाट द्यावी. टॉवरने, म्हणजे विमानतळाच्या नियंत्रण कक्षाने, परवानगी दिली तरी पंखाला जागा पुरते की नाही, हे वैमानिकानेच पाहायचे असते. सोलापूरच्या होटगी रस्त्यावरच्या विमानतळावर २०२५ च्या जूनमध्ये गोव्याची प्रवासी सेवा सुरू झाली; तिच्यासारख्या सेवांतील एटीआर ७२ या प्रवासी विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत २७ मीटरचे असतात, आणि त्याच्या प्रोपेलरचा मागे येणारा झोत लहान विमानाला ढकलू शकतो.

वाट चुकल्याची शंका आली की थांबून रेडिओवर तसे सांगावे. ८ ऑक्टोबर २००१ रोजी मिलानच्या लिनाते विमानतळावर दाट धुक्यात एक छोटे सायटेशन जेट चुकीच्या टॅक्सीवेने, म्हणजे टॅक्सी करण्याच्या रस्त्याने, थेट धावपट्टीवर गेले आणि उड्डाण घेणाऱ्या एमडी-८७ या प्रवासी विमानाची त्याला धडक बसली. ११८ जण दगावले. आपण धावपट्टीवर आल्याचे कळले, तर मात्र तेथे न थांबता ती लगेच मोकळी करावी आणि टॉवरला कळवावे.

टक्कर झालीच, तर मिक्श्चर (इंजिनाचे इंधन), मॅग्नेटो (इंजिनाची ठिणगी) आणि मास्टर स्विच (विमानाची वीज) बंद करावेत, प्रोपेलरपासून दूर राहून उतरावे, विमान जागेवरून हलवू नये आणि प्रशिक्षकाला कळवावे. प्रोपेलर हलकासा जरी लागला असला, तरी अभियंत्याने इंजिन तपासेपर्यंत ते विमान उडवू नये.