मुलाचं दिव्यांग प्रमाणपत्र काढताना या चुका टाळा

युडीआयडी कार्डाबद्दल, म्हणजे दिव्यांगांच्या देशभर चालणाऱ्या ओळखपत्राबद्दल, विचारायला कोणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला : "भाऊ, पंधरा दिवसांत होऊन जाईल ना?" नाही होणार. घाई केलीत तर मुळीच नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक अर्जात होत नाही, तपासणीच्या खोलीत होते. बौद्धिक दिव्यांगत्वाची टक्केवारी कोणी चेहरा पाहून लिहीत नाही. व्हाइनलँड नावाची चाचणी असते. त्यात मूल रोजचं काय काय स्वतः करतं हे पालकांनाच विचारतात. गुणांक ७० ते ८४ आला तर २५ टक्के, ५५ ते ६९ आला तर ५० टक्के. आणि बहुतेक सवलतींचा उंबरठा आहे ४० टक्के.

आमचा मुलगा सहा वर्षांचा होता, सोबत माझी आई आली होती. चाचणी घेणाऱ्या मॅडमनी विचारलं, "शर्टाची बटणं स्वतः लावतो?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "लावते ना जी! सारंच करते आमचं पोट्टं." खरं म्हणजे तो वरच्या एका बटणाशी पाच मिनिटं खेळतो आणि मग छाती पुढे काढून माझ्यासमोर उभा राहतो. जेवण? "आपल्या हातानंच खाते." खातो, पण वरणभाताचे घास करून ताटात ओळीनं मांडून ठेवले तर. आईला चारचौघांत नातवाचं उणं दिसू द्यायचं नव्हतं. मी गप्प बसलो, ते जास्त वाईट. हाती आलं २५ टक्क्यांचं प्रमाणपत्र आणि ४० टक्क्यांखालच्यांना मिळणारं पांढऱ्या पट्टीचं कार्ड. फेरतपासणी होऊन ५० टक्के लागायला आठ महिने गेले.

तेव्हापासून मी प्रत्येकाला वही ठेवायला लावतो. तपासणीआधी पंधरा दिवस रोज लिहायचं : आंघोळीला किती वेळ, किती वेळा सांगावं लागलं, रात्री कितीदा उठावं लागलं. वही घेऊनच आत जायचं, आजीला डबा देऊन बाहेर बसवायचं. आणि वाढवून सांगू नका. विचारणाऱ्याचा जन्म त्यातच गेलेला असतो.

दुसरा माझा नेहमीचा वाद 'आधार लिंक आहे' या वाक्याशी. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि अनुदानासाठी सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे याच खात्यात टाका अशी आधारवर नोंद, झालेलं असणं वेगळं. तीन बँकांत खाती असतील तर पैसे जातात शेवटी सीडिंग केलेल्या खात्यात, तुम्ही अर्जात लिहिलेल्या नव्हे. शेजारच्या एका बाईंनी चार महिने तहसीलला हेलपाटे घातले. पैसे माहेरच्या जुन्या खात्यात साचत होते. माझं आधार पोर्टलवर बँक सीडिंगची स्थिती दिसते. आधी ती बघा, मग भांडा.

बाकीचं थोडक्यात. नोंदणी न करता थेट नागपूरचं मेडिकल नाहीतर मेयो रुग्णालय गाठू नका. अर्ज ऑनलाइनच करायचा आहे. जन्मदाखला, आधार आणि अर्ज, तिन्हीकडे नावाचं स्पेलिंग एकच हवं. लहान मुलांना बहुधा तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं, त्याची मुदत कॅलेंडरवर लिहा. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये आहे. पगारदारांनी तिथे रांग लावण्यापेक्षा आयकरात दिव्यांग मुलासाठीची ७५,००० रुपयांची वजावट घ्यावी (१९६१ च्या कायद्यात कलम ८० डीडी), दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. फक्त जुन्या करप्रणालीत, हे सीएला विचारून घ्या. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय या आरोग्य विम्यात वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो, थेरपीचाही, पण नूतनीकरण चुकलं की संपलं. झेरॉक्सच्या दुकानासमोर "दोन हजारांत टक्के वाढवून देतो" म्हणणाऱ्याशी बोलूसुद्धा नका.

आणि मूल अठराचं झालं की आईबाप कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. आमच्याला अजून तीन वर्षं आहेत. फाइल मी काढून ठेवलीय, त्या वहीखाली.