बॉल पायथनच्या टँकसाठी घरचंच सबस्ट्रेट: सोडणं, पातेरा आणि मिठाची भानगड

आधी एक क्लिअर करतो, हे सबस्ट्रेट, म्हणजे टँकच्या तळाशी पसरायचा थर, बॉल पायथनसाठी आहे, पश्चिम आफ्रिकेकडचा साप, केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी लागते ती करून घ्या. आपल्याकडची घोरपड, अजगर, कासव घरात ठेवायचा विचारही नको, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात सरळ गुन्हा आहे.

आता कोकणात राहून कोकोपीटचं, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचं, पाकीट कुरियरने मागवायचं म्हणजे जरा अतीच, मागच्या पडवीत सोडणांचा, म्हणजे नारळाच्या सालींचा, ढीग असतोच की. पण उचललं नि टाकलं असं चालत नाही, खरी भानगड मिठाची. काथ्यासाठी खाडीत कुजवलेली सोडणं घेऊच नका, घरच्या नारळाची सुकी घ्या, कोयत्याने बोटाच्या पेराएवढे तुकडे करा आणि गोड्या पाण्यात रात्रभर भिजत टाका. सकाळी पाणी कोऱ्या चहासारखं लालकाळं झालेलं असतं, ते ओतायचं, परत नवीन पाणी, असं ३-४ वेळा, रंग फिका पडेपर्यंत. मग पिळून खळ्यात कडक उन्हात वाळवा.

पातेरा म्हणजे वाळका पाला, शेत भाजायला (भाजावळीला) गोळा करतो तोच, आंबा, फणस, जांभूळ, पण फवारणीच्या कलमांखालचा अजिबात नको, मोहोरावर काय काय मारतात माहितीय ना, आणि सुपारीखालचा पण नको, बोर्डो हे बुरशीनाशक मारलेलं असतं. कण्हेर, रुईचं पान चुकून आलं तर वेचून काढा. काजूबियांची टरफलं तर नकोच, त्यांचं तेल आपल्या हाताला उततं तर सापाच्या पोटाचं काय होईल. पानं १५-२० मिनिटं उकळून वाळवायची, गोचीड, मुंग्या, विंचवाचं पिल्लू सगळं निकालात. मी आईच्या मोठ्या टोपात उकळली, ती म्हणाली, "मेल्या, आता सापाक भाजी करतंस काय?" तेव्हापासून माझा टोप वेगळा.

समुद्रकाठच्या पुळणीतली वाळू फुकट मिळते म्हणून मोह होतो, पण मीठ आणि शिंपल्यांचे धारदार तुकडे दोन्ही त्यात, सोडा. लाकडाच्या वखारीतला भुसा पण नको, कुठल्या लाकडाचा ते कळत नाही, पाइन-देवदारचा असला तर त्याचा वास सापाला बाधतो आणि धूळ नाकात जाते ती वेगळी.

मिक्स सोपं आहे, २ भाग सोडणांचे तुकडे, १ भाग त्यांचाच बारीक चोथा, ३-४ इंच थर, वर पातेरा. किंचित ओलं करून मूठ दाबा, गोळा झाला पाहिजे पण पाणी गळता नये. हीटमॅट वापरत असाल तर तापमान आवरणारा थर्मोस्टॅट हवाच, जाड थराखाली उष्णता कोंडते.

आता पावसाळा, माझी चूक इथेच झाली. पहिल्या जुलैत सवयीने रोज स्प्रे मारत राहिलो, आठवड्याभरात तुकड्यांवर पांढरी बुरशी आणि सापाच्या पोटाच्या खवल्यांवर लालसर डाग, डॉक्टर गाठावा लागला. बाहेरच हवा ओली असते, आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर ६०-६५ टक्क्यांच्या वर गेला की स्प्रे बंद, पाण्याचं भांडं लहान करून थंड बाजूला, झाकणाची जाळी मोकळी. आणि सबस्ट्रेटचा एक जादा डबा मे महिन्यातच वाळवून घट्ट झाकून ठेवा, श्रावणात खळ्यात काय वाळवणार?