लेहमधले पहिले सहा दिवस

युनिटची लडाखची ऑर्डर आली की नव्या पोरांना कधी एकदा वर पोचतो असं होतं. मलाही झालं होतं. सातारा जिल्ह्यातलं गाव, भरतीत सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारलेले, बेळगावचं ट्रेनिंग. अंगात रग होती. लेहला विमानातून उतरलो तेव्हा ऊन स्वच्छ होतं, त्रास कसलाच नव्हता. घोटाळा नेमका इथंच होतो.

लेह साधारण 11,500 फुटांवर आहे. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास. ते अंगाला जाणवायला एक-दोन रात्री जातात, त्यामुळे पहिल्या दिवशीच्या तब्येतीवर भरवसा ठेवू नका. फौजेनं हिशोब बांधून दिलाय. पहिला टप्पा 6 दिवसांचा : दोन दिवस नुसता आराम, दोन दिवस सपाटीवर सावकाश चालणं, मग थोडी लांब चाल आणि थोडी चढण. 12,000 फुटांच्या वर जायचं तर आणखी 4 दिवस, 15,000 च्या वर पुन्हा 4. पोरांना हे दिवस फुकट गेल्यासारखे वाटतात. आणि पळण्यात पुढे असणाऱ्याला तर जास्तच, कारण आपल्याला काही होणार नाही असं तो धरून चालतो. उंचीला तुमचं टायमिंग माहीत नसतं.

माझा बडी, म्हणजे जोडीदार जवान, कंपनीत सगळ्यात जोरात पळायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, आधीपासून तिथं असलेल्या दुसऱ्या युनिटची मुलं व्हॉलीबॉल खेळत होती. एक गडी कमी पडला, हा उतरला. मी कडेला उभा राहून टाळ्या वाजवत होतो. रात्री त्याचं डोकं ठणकायला लागलं. मला म्हणाला, "कुणाला सांगू नको, पहिल्या पार्टीतनं नाव कटेल." पार्टी म्हणजे वरच्या पोस्टवर जाणारी तुकडी. मी नाही सांगितलं.

तिसऱ्या रात्री खोकल्यानं जाग आली. आडवं झालं की दम कोंडायचा, म्हणून तो भिंतीला टेकून बसला होता. टॉर्च मारली तर ओठ जांभळे. छातीतून उकळत्या पातेल्यासारखा बुडबुड आवाज येत होता, आणि हातातल्या रुमालावर गुलाबी फेस. धावत एमआय रूम, म्हणजे युनिटचा दवाखाना, गाठला. याला हापो म्हणतात, फुप्फुसात पाणी भरतं. ऑक्सिजन वेळेत मिळाला, म्हणून वाचला. पण लो मेडिकल कॅटेगरी लागली, म्हणजे तब्येतीमुळे ड्युटीवर बंधनं आली, आणि ज्या पार्टीसाठी त्यानं डोकेदुखी लपवली, ती त्याच्याशिवायच वर गेली. डोकं ठणकलं त्या रात्रीच मी उस्तादांना, म्हणजे शिकवणाऱ्या सीनियरना, उठवायला हवं होतं, हे मला आजही टोचतं. बडीचं डोकं दुखतंय, जेवण जात नाही, चालताना तोल जातोय असं दिसलं तर सांगा. ती चुगली नाही.

वर गेल्यावर घाई वेगळ्या वाटेनं नडते. भरभर चाललात की घाम येतो, थांबलात की तो घाम आतल्या आत गार पडतो, ओल्या मोज्यातली बोटं बधिर होतात. मोजा बदलायचा कंटाळा केलेल्या पायांची बोटं मी काळी पडलेली पाहिलीत. हातमोजा घालून कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायची कडी, लवकर लागत नाही, म्हणून माणूस दोन सेकंदांसाठी हातमोजा काढतो आणि उघडं कातडं लोखंडाला चिकटतं. ग्लेशियरवर सगळे एका दोराला बांधलेले असतात. पुढच्याच्या पावलात पाऊल टाकायचं, दहा पावलं वाचवायला वाट सोडायची नाही. मऊ दिसणाऱ्या बर्फाखाली फट असू शकते.

सुट्टी मंजूर झाल्यावर धीर धरणं सगळ्यात अवघड. घरी लग्न असतं, बाळ झालेलं असतं, आणि हवामान मात्र हेलिकॉप्टर उठू देत नाही. घरच्यांना एकच तारीख देऊ नका. "आठवडा पुढंमागं होईल" असं आधीच सांगा, आईचा जीव टांगणीला लागत नाही.

सुट्टीवरून परतताना पोरं आणखी फसतात, कारण त्यांना वाटतं शरीराला सवय आहे. चार आठवड्यांहून जास्त खाली राहिलात तर पहिल्यापासून सगळं पुन्हा करायचं. मी दोन महिन्यांनी परतलो तेव्हा तोच कॅम्प, तीच नेट होती. बाहेर बॉल आपटत होता, कुणीतरी हाक मारली. मी आतूनच "सातव्या दिवशी बघू" म्हणालो आणि रजई ओढून पडून राहिलो.