स्कायरिम: जवळचं रान हिरवं, दूरचं जुनंच

फोंड्यात पाऊस लागला की मी स्कायरिम हा व्हिडिओ गेम उघडतो. २०११ च्या या खेळातली रानं आमच्या गोव्यातल्या मोलेच्या जंगलाच्या हिरव्यापुढे अगदीच केविलवाणी, म्हणून झाडांचा नि गवताचा मॉड (म्हणजे खेळाचं रूप बदलणारी, इतरांनी बनवलेली भर) चढवला. जवळची झाडं झकास. डोंगरावरची मात्र जुनीच, जवळ गेलं की टपकन बदलायची. दूरची झाडं म्हणजे आधीच बनवून ठेवलेली सपाट चित्रं, एलओडी. मॉड टाकला म्हणून ती बदलत नाहीत. नव्या झाडांची बिलबोर्ड, म्हणजे सपाट चित्रं, घालून डायनडोलॉड हे दूरची दृश्यं नव्याने बनवणारं साधन शेवटी चालवलं, जुळलं. (तेवढ्यात वीज जाऊ नये!)

गवताने लॅपटॉप धापा टाकत होता. स्कायरिमच्या आयएनआय फाइलमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये, गवताची दाटी ठरवणारं आयमिनग्राससाइज २० चं ६० केलं. आकडा वाढला की गवत विरळ होतं. उलटंच आहे, पण चालतं.